मोठी मॉडेल विमाने, विदर्भाचे ऊन आणि बॅटरीचा प्रश्न

रेडिओ-नियंत्रित मोठे विमान पडले की मैदानावर पहिला शब्द उमटतो तो ‘सिग्नल गेला’. मग रिसीव्हर तपासला जातो, तो निर्दोष निघतो. दोन दिवसांनी डोके शांत झाल्यावर वायरिंग उलगडले की सैल झालेला एखादा प्लग, आतून काळवंडलेला स्विच किंवा थकलेला एक सेल सापडतो. सिग्नल शाबूत होता; रिसीव्हरपर्यंत पुरेशी वीज पोचली नव्हती. २.४ गिगाहर्ट्‌झच्या रिसीव्हरमध्ये प्रोसेसर असतो. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली, अनेक रिसीव्हरांत ३.५ व्होल्टच्या आसपास, गेले की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरुवातीच्या काही रिसीव्हरांना त्यासाठी काही सेकंद लागत. ताशी १०० किलोमीटरने जाणारे विमान तीन सेकंदांत ८३ मीटर जाते, आणि कसरतीचे विमान बहुधा तेवढ्या उंचीवर नसतेच. पुढच्या पिढीचे रिसीव्हर फार लवकर सावरतात. पण सावरायची वेळ येऊ नये हाच वीजव्यवस्थेचा हेतू.

मोठे विमान कशाला म्हणायचे, याचे सर्वाधिक वापरले जाणारे माप अमेरिकेतल्या इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशनचे आहे: एकपंखी विमानाचा पंखविस्तार किमान ८० इंच, दुपंखीचा ६० इंच. प्रत्यक्षात हा प्रश्न ५० सीसीच्या पेट्रोल इंजिनापासून सुरू होतो आणि १०० सीसीला गंभीर होतो. १०० सीसीच्या कसरती विमानाचा विस्तार अडीच-पावणेतीन मीटर आणि वजन अकरा-बारा किलो असते. पंखांवर चार सर्व्हो, एलिव्हेटरवर दोन, रडरवर एक किंवा दोन, थ्रॉटलचा एक, असे आठ-नऊ सर्व्हो होतात. मोठा डिजिटल सर्व्हो पूर्ण जोर लावून अडकला की एकटाच ४ ते ६ अँपियर ओढतो. सगळे एकाच वेळी अडकत नाहीत हे खरे. तरी जोरदार वळणात २० अँपियरचे झटके बसू शकतात. सरासरी मात्र दोन-तीन अँपियरच्या घरात राहते. सरासरीवरून बॅटरीची क्षमता ठरते आणि झटक्यावरून वायर, प्लग नि सेलचा प्रकार. या दोन आकड्यांची गल्लत झाली की ५००० मिलीअँपियर-तासांचा पॅक बसवूनही विमान पडते.

बेसात राहणाऱ्याला यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. बेसा हे नागपूरच्या दक्षिण टोकाचे उपनगर. मनीषनगर ओलांडले की लागते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाची धावपट्टी तिथून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर. म्हणजे इथे विमान बांधता येते, उडवता येत नाही. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाची स्वतंत्र व्याख्या आहे: एकूण वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीपुरता, आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात. अशा विमानाला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण हवाई हद्दीचे नियम त्यालाही लागू आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी हद्द ६० मीटर उंचीपर्यंत आणि त्यापलीकडे, इतर बंधन नसेल तिथे, १२० मीटरपर्यंत. तेव्हा उमरेड रोड, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या पुढचे मोकळे रान शोधायचे आणि सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशात ते आधी तपासून घ्यायचे. बॅटरीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ती घरापासून मैदानापर्यंत तासभर गाडीत असते, मैदानावर तीन-चार तास उन्हात असते आणि पुन्हा तासभर गाडीत.

हे ऊन नागपूरचे आहे. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. नवतप्यात ४५ चे कुणाला आश्चर्य वाटत नाही. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्या दिवसांत ६० च्या वर पारा सहज जातो आणि लिथियम सेल चार्ज करण्याची उत्पादकांची नेहमीची मर्यादा ४५ अंशांची असते. म्हणजे मे महिन्यात दुपारी मैदानावर चार्जर लावणे हेच मुळी नियमबाह्य. उलट टोकाला २९ डिसेंबर २०१८ ला शहरात ३.५ अंश होते. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो. पूर्ण चार्ज केलेला पॅकही पहिल्या झटक्याला व्होल्टेज टाकतो. पाश्चात्त्य कॅटलॉगातले आलेख बहुधा २०-२५ अंशांवर काढलेले असतात. जर्मनीतल्या क्लबाचा सल्ला इथे जसाच्या तसा उतरवता येत नाही, त्याचे कारण एवढेच. जाता जाता, मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. हवामान खात्याने नंतर सेन्सरचा दोष असल्याचे सांगितले. विमानातल्या टेलिमेट्रीचा व्होल्टेजचा आकडाही म्हणूनच अधूनमधून साध्या मल्टिमीटरने ताडून पाहावा.

आता रसायनांकडे. निकेल-कॅडमियमचे चार-पाच सेल, म्हणजे ४.८ किंवा ६ व्होल्ट, यांनी या छंदाची कित्येक दशके काढली. जड, पण दणकट. हयगय सहन करणारे. त्यांची जागा निकेल मेटल हायड्राइडने घेतली, क्षमता वाढली आणि दणकटपणा कमी झाला. नुसते ठेवले तरी हे सेल हळूहळू रिकामे होतात आणि उष्णतेत आणखी भराभर. शनिवारी चार्ज करून पुढच्या रविवारी उडवणाऱ्यासाठी हा धोका खरा आहे. मोठ्या विमानात आज त्यांना जागा नाही, असे मी स्पष्टच म्हणेन.

सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली. तिचे गोल १८६५० सेल आणि तिचीच पिशवीतली आवृत्ती म्हणजे लिपो. दोन्हींत सेलमागे ३.६-३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज ४.२, दोन सेलांचा पॅक ७.४ चा, भरल्यावर ८.४ चा. तिसरी ती लिथियम आयर्न फॉस्फेट, ई-रिक्षावाल्यांमुळे आता सर्वतोमुखी झालेली एलएफपी. तिची पायाभरणी १९९७ च्या एका शोधनिबंधाने झाली. जॉन गुडइनफ यांच्यासोबत त्यावर पाढी आणि नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. तिचा सेल ३.२-३.३ व्होल्टचा, पूर्ण चार्ज ३.६, दोन सेलांचे ६.६. चार्जरवरून काढून थोडा वेळ ठेवला की पॅक ७.२ वरून पावणेसातच्या आसपास स्थिरावतो.

लिपोची बाजू वजनाची आणि झटक्याची. हलकी, कमी रोधाची, हवे तितके अँपियर देणारी. तिचे दुखणे उष्णतेचे. भरलेली लिपो गरम जागी पडून राहिली की आतला द्रव विघटित होऊन वायू धरतो आणि पिशवी फुगते. उडवायचे नसेल तेव्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, असे सगळेच सांगतात. पण रिसीव्हरचा पॅक ‘येत्या रविवारी लागेलच’ म्हणून बहुतेक जण भरलेलाच ठेवतात. मार्च ते जून अशी भरलेली लिपो बेसातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवायची म्हणजे दर आठवड्याला तिचे आयुष्य थोडे कापायचे. शिवाय पिशवीला कवच नसते, उतरताना विमान आपटले तर सेल आतून दुखावतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

लिथियम-आयनच्या गोल सेलला पत्र्याचे कवच असते, तेवढ्याच वजनात ऊर्जाही अधिक असते. पण इथे सेलची निवड आंधळेपणाने करता येत नाही. लॅपटॉपसाठी बनवलेला जास्त क्षमतेचा सेल आणि ड्रिल मशीनसाठी बनवलेला जास्त प्रवाहाचा सेल दिसायला सारखे. समजा सेलचा रोध ३५ मिलीओहम आहे. दोन सेल ओळीत म्हणजे ७०. २० अँपियरच्या झटक्याला १.४ व्होल्ट आतच खर्च. जोडीजोडीने समांतर लावून चार सेल केले की घट निम्मी. म्हणून मोठ्या विमानात लिथियम-आयन वापरायची तर चार सेलांचीच, आणि सेल नावाजलेल्या उत्पादकाचे, अधिकृत विक्रेत्याकडून. १८६५० मापाचा चांगला सेल ३५०० मिलीअँपियर-तासांच्या आसपास थांबतो. ज्याच्यावर ९९०० छापले आहे तो सेल सीताबर्डीत मिळो की ऑनलाइन, तो खोटाच आहे. त्यावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नये.

एलएफपीने माझे मत जिंकले ते या हवेमुळे. तिच्या फॉस्फेटात ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे फार तापली तरी कोबाल्ट-ऑक्साइडच्या सेलसारखी स्वतःच्याच ऑक्सिजनवर भडकत नाही. उन्हाने तिचेही आयुष्य घटते, पण सावकाश आणि फुगारा न धरता. ए-१२३ कंपनीचा २६६५० मापाचा सेल या छंदात मापदंड ठरला. २५०० मिलीअँपियर-तास, ७६ ग्रॅम वजन, सतत ७० अँपियरची क्षमता. दोन सेलांचा पॅक २० अँपियरला तीन-चार दशांश व्होल्टच खाली येतो. ६.६ व्होल्ट हा आकडाही सोयीचा. आजच्या हाय-व्होल्टेज सर्व्होंना तो थेट चालतो आणि ६ व्होल्टच्या बऱ्याच जुन्या सर्व्होंनाही त्यांच्या उत्पादकांनी तो मान्य केला आहे. आपल्या सर्व्होचे माहितीपत्रक तेवढे पाहून घ्यायचे. मधे रेग्युलेटर नाही, म्हणजे तापणारी आणि बिघडणारी एक वस्तू कमी.

तिचा दोष मात्र गंभीर आहे. एलएफपीचा व्होल्टेजचा आलेख जवळजवळ सपाट असतो. पॅक ८० टक्के भरलेला आहे की ३० टक्के, हे व्होल्टेज सांगत नाही. सपाटी संपली की आलेख कड्यावरून कोसळतो. लिपोवाल्यांना मैदानावर मीटर लावून ‘अजून एक फेरी होईल’ म्हणायची सवय असते, ती सवय इथे विमान पाडते. हिशोब मिलीअँपियर-तासांत करावा लागतो. सरासरी अडीच अँपियरने दहा मिनिटे उडवले तर सुमारे ४२० मिलीअँपियर-तास जातात. २५०० च्या पॅकचे ७० टक्के, म्हणजे १७५०, वापरायचे ठरवले तर चार उड्डाणे झाली. विमानात असे दोन पॅक असतील तर आठ, असे मन लगेच म्हणते. ते ऐकू नये. दुसरा पॅक जास्त उडण्यासाठी बसवलेला नाही, पहिला मेल्यावर खाली उतरण्यासाठी बसवलेला आहे. उड्डाणे एकाच पॅकच्या हिशोबाने मोजायची, आणि घरी चार्ज करताना प्रत्येक पॅकमध्ये किती परत गेले ते वहीत लिहायचे. एकात ७०० आणि दुसऱ्यात ३० गेले असतील तर दुसरा पॅक उड्डाणात कामावर नव्हताच. बिघाड पुढच्या रविवारच्या आत शोधावा.

ई-रिक्षा आणि सौर दिव्यांमुळे ३२७०० मापाचे ६००० मिलीअँपियर-तासांचे एलएफपी सेल आता सहज मिळतात. मोह होतो. पण ते बहुधा सावकाश, सतत चालणाऱ्या कामासाठी असतात. एकाचे वजन १४० ग्रॅमच्या आसपास आणि झटका देण्याची ताकद क्षमतेच्या मानाने कमी. २५ किलोच्या विमानात नाकाशी वजन हवेच असेल तर चालतील. सेलला थेट सोल्डर लावू नये, पट्ट्या स्पॉट-वेल्डिंगने जोडून घ्याव्यात. चार्जरवर एलएफपीचाच पर्याय निवडला आहे ना, ते दर वेळी पाहावे. लिपोच्या पर्यायावर ४.२ व्होल्टपर्यंत रेटलेला एलएफपी सेल आतून खराब होतो.

बॅटरीवर इतके लिहूनही मला वाटते की निम्मे अपघात बॅटरीच्या पुढे, वायरीत होतात. सर्व्होला येणारी बारीक वायर २६ गेजची, म्हणजे ०.१३ चौरस मिलिमीटर. तिचा रोध मीटरला सुमारे १३४ मिलीओहम. पंखाच्या टोकाकडचा सर्व्हो रिसीव्हरपासून १.२ मीटरवर असेल तर वीज जाऊन परत येते, म्हणजे २.४ मीटर वायर. ४ अँपियरला १.३ व्होल्ट वाटेतच संपले; ६.६ पैकी सर्व्होच्या हाती ५.३. हीच वायर २२ गेजची, ०.३३ चौरस मिलिमीटरची घेतली की घट अर्ध्या व्होल्टवर येते. सर्व्होची ताकद व्होल्टेजच्या प्रमाणात असते, तेव्हा महागडा सर्व्हो घेऊन त्याला स्वस्त एक्स्टेंशन लावणे म्हणजे स्वतःच दिलेले पैसे कापून घेणे. दुकानात गेज सांगण्यापेक्षा चौरस मिलिमीटर सांगावे, कारण आपल्याकडे ब्रिटिश गेजही चालते आणि २२ म्हटल्यावर दोन ठिकाणी दोन जाडी मिळू शकतात.

सर्व्होचा तीन पिनांचा प्लग सतत तीन-चार अँपियरपुरताच. एकाच अशा प्लगमधून संपूर्ण विमानाची वीज रिसीव्हरला द्यायची, ही पद्धत लहान विमानातून मोठ्यात तशीच आली आणि तिनेच बरीच विमाने खाल्ली. दोन पॅक, दोन स्विच, रिसीव्हरच्या दोन वेगळ्या जागांतून आत, इतके केले तरी मोठा फरक पडतो. पंख आणि धड यांच्या जोडावर सहा पिनांचा हिरवा मल्टिप्लेक्स प्लग मोठ्या विमानांत रुळला आहे. प्रवाह अनेक पिनांत वाटला जातो आणि हाताला पक्का बसतो. साध्या सरकत्या स्विचवर माझा विश्वास नाही. एक-दोन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची थरथर त्याचे संपर्क घासत राहते, आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा उरलेले काम करते. इलेक्ट्रॉनिक स्विच उलट तत्त्वावर चालतो. बाहेरचे बटण फक्त इशारा देते, प्रवाह आतल्या मॉस्फेटमधून जातो. चांगल्या बनावटीत बटणाची वायर तुटली तरी वीज चालूच राहते.

दोन पॅक जोडायचे कसे, यावर जाणत्यांत आजही एकमत नाही. एक पक्ष म्हणतो की मधे डायोड हवेच, नाहीतर एका पॅकचा सेल शॉर्ट झाला तर दुसरा त्यात रिकामा होईल. दुसरा पक्ष म्हणतो की शॉर्ट होण्याची खोड निकेलच्या सेलांची होती, लिथियमचा सेल बहुतेक वेळा रोध वाढून मरतो, तेव्हा एलएफपीचे दोन पॅक सरळ समांतर लावा आणि डायोडची घट वाचवा. शॉट्की डायोडमध्ये ०.३ ते ०.५ व्होल्ट जातात, ६.६ च्या व्यवस्थेत ही रक्कम लहान नाही. मॉस्फेटवर आधारलेल्या ‘आयडियल डायोड’ने हा वाद बराच निकालात काढला आहे, त्यात घट व्होल्टच्या काही शतांशांची. ५० सीसीच्या विमानात थेट समांतर जोडणी मी चालवून घेईन. १०० च्या वर नाही.

तिथून पॉवर बॉक्सचा प्रश्न सुरू होतो. जर्मनीतल्या डोनाउव्हर्थ गावच्या पॉवरबॉक्स सिस्टिम्सने हे नाव इतके रुळवले की कुणाचाही डबा असला तरी लोक त्याला पॉवरबॉक्सच म्हणतात. जर्मनीचीच एमकोटेक, अमेरिकेची स्मार्ट-फ्लाय, चेक प्रजासत्ताकाची जेटी हे इतर जुने खेळाडू. तत्त्व एकच: दोन बॅटऱ्या, दोन स्वतंत्र मार्ग, इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि सर्व्होंची वीज रिसीव्हरच्या नाजूक पट्ट्यांतून न नेता जाड तांब्यावरून वाटणे. रिसीव्हरकडे फक्त सिग्नलचे काम उरते. स्पेक्ट्रम कंपनीच्या पॉवरसेफ रिसीव्हर-मालिकेने हेच काम रिसीव्हरच्या पोटात घातले आहे: दोन बॅटऱ्यांच्या जाड तारा थेट आत. महागड्या डब्यांत दोन रिसीव्हर, जायरो, टेलिमेट्री, जोडीच्या सर्व्होंची जुळवणी असे बरेच येते. त्यातली जुळवणी खरी उपयोगाची. रडरवरचे दोन सर्व्हो एकमेकांशी थोडेही भांडत असतील तर विमान जमिनीवर स्वस्थ उभे असतानाही एक-दोन अँपियर जळत राहतात. कानाने गुणगुण ऐकू येते, वॉटमीटर लावला की आकडा दिसतो. ही जुळवणी डब्याशिवायही, सर्व्होच्या हाताची लांबी आणि कोन नीट करून होते. वेळ लागतो एवढेच.

डब्यातल्या रेग्युलेटरबद्दल आमच्या भागात वेगळा विचार करावा लागतो. लिथियम-आयनचे ८.४ व्होल्ट खाली आणून ६ करायचे तर लिनियर रेग्युलेटर फरकाची सगळी वीज उष्णता म्हणून टाकतो. १० अँपियरला २४ वॉट, म्हणजे टेबलावरचे सोल्डरिंग आयर्न विमानाच्या पोटात चालू ठेवल्यासारखे. बाहेर ४३ अंश आणि काळी कॅनोपी बंद असेल तर ही उष्णता जाणार कुठे? रेग्युलेटर तापून स्वतःला वाचवायला प्रवाह कमी करतो, नेमका कसरतीच्या मध्यात. स्विचिंग रेग्युलेटर कमी तापतो, पण त्याचा विजेचा गोंगाट अँटेनापासून लांब ठेवावा लागतो. उपाय सोपा आहे. सर्व्होच हाय-व्होल्टेज घ्यावेत आणि रेग्युलेटर वगळावा. आज नवे विमान उभे करणाऱ्याने ६ व्होल्टचे सर्व्हो घ्यायचे काही कारण उरलेले नाही.

इग्निशनचे थोडक्यात. पूर्वी पेट्रोल इंजिनाच्या इग्निशनला ४.८-६ व्होल्टचा स्वतंत्र पॅक लागे. आता बरीच मोड्यूल ८.४ पर्यंत घेतात. ती साधारण अर्धा ते पाऊण अँपियर खातात, दहा मिनिटांत शंभरेक मिलीअँपियर-तास. रिसीव्हरच्याच बॅटरीवरून इग्निशन चालवणारी उपकरणे मिळतात आणि एक पॅक वाचतो. पण त्यात स्पार्कचा गोंगाट रिसीव्हरकडे जाऊ न देणारी गाळणी चोख हवी. ट्रान्समीटरवरून इग्निशन तोडणारा ऑप्टिकल किल-स्विच मात्र ऐच्छिक मानू नये. २६-२८ इंची पंखा फिरत असताना विमानाच्या अंगावर वाकून स्विच शोधणे हा वेडेपणा आहे.

पेट्रोल सोडून पूर्ण विजेवर जाणारे अलीकडे वाढले आहेत. बारा लिपो सेल ओळीत, ४४.४ व्होल्ट, १५० अँपियरला साडेसहा किलोवॉटच्या वर. १०० सीसी इंजिनाच्या नऊ-दहा अश्वशक्तीच्या ते जवळ पोचते. पण ५००० मिलीअँपियर-तासांचा असा संच म्हणजे २२२ वॉट-तास, आणि सरासरी दोन किलोवॉट धरले तर ८० टक्के वापरून पाच-सव्वापाच मिनिटे. पेट्रोलचा एक लिटर हा हिशोब सहज हरवतो. विदर्भात आणखी अडचण अशी की मोठ्या प्रवाहाने लिपो आतूनही तापते आणि बाहेरूनही. ४० अंशांवर सुरू झालेला पॅक उतरताना ६० ची मर्यादा गाठायला फार वेळ घेत नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला विमानाने जायचे तर १६० वॉट-तासांवरचा पॅक प्रवाशाला नेताच येत नाही. सहा-सहा सेलांचे १११ वॉट-तासांचे दोन पॅक विमान कंपनीच्या परवानगीने हातातल्या सामानात जातात. मोटरच्या बॅटरीवरूनच सर्व्होंना वीज देण्याचा मोह मोठ्या विमानात टाळावा. सर्व्होंचे दोन पॅक वेगळेच ठेवावेत.

दुहेरी मार्ग म्हणजे सुरक्षितता, असे समजणाऱ्यांनी जानेवारी २०१३ आठवावा. बोइंग ७८७ च्या लिथियम बॅटरीला ७ तारखेला बोस्टनला आग लागली, १६ तारखेला जपानमध्ये दुसऱ्या विमानाला बॅटरीच्या धुरामुळे तातडीने उतरावे लागले, आणि जगभरची सगळी ७८७ जमिनीवर आली. त्या विमानात विजेचे पर्यायी स्रोत भरपूर होते. प्रश्न बॅटरी स्वतःच पेटण्याचा होता. उत्तर म्हणून सेलांमधले अंतर आणि इन्सुलेशन वाढवले, बॅटरी पोलादी पेटीत घातली आणि वायू विमानाबाहेर काढणारी नळी दिली. आपल्या मापात त्याचा अर्थ एवढाच: दोन पॅक एकाच फोमच्या खोबणीत चिकटवून ठेवू नयेत. एक फायरवॉलजवळ, दुसरा पंखाच्या नळीमागे. एक पेटला तर दुसरा वाचला पाहिजे.

तर बेसातल्या माणसाने आज काय घ्यावे? ५० सीसीसाठी २५०० मिलीअँपियर-तासांचे दोन एलएफपी पॅक, दोन इलेक्ट्रॉनिक स्विच, रिसीव्हरच्या दोन जागा, २२ गेजची वायर, डबा नाही. १०० सीसीपासून वर तेच दोन पॅक किंवा चार सेलांची लिथियम-आयन जोडी, हाय-व्होल्टेज सर्व्हो, आयडियल डायोडचा रेग्युलेटरविरहित पॉवर बॉक्स किंवा जाड तारांचा रिसीव्हर, आणि प्रत्येक पंखाला स्वतंत्र जाड प्लग. पैसे कमी पडले तर डबा मागे ठेवावा. वायर आणि प्लगवर कात्री लावू नये. मार्च ते जून उड्डाण सकाळी नऊच्या आत आटोपावे, बॅटऱ्या गाडीत सीटखाली थर्माकोलच्या डब्यात न्याव्यात, कॅनोपी उघडी ठेवून विमानावर पांढरे कापड टाकावे, आणि चार्जिंग घरी, संध्याकाळी, पॅक हाताला गार लागल्यावरच करावे. दर महिन्याला प्रत्येक पॅकचा अंतर्गत रोध मोजून लिहावा. नव्या पॅकच्या दीडपट झाला की तो विमानातून काढून टॉर्चला लावावा.

आणि एक विनंती. फुगलेली लिपो किंवा मेलेला पॅक घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात दबलेला लिथियम सेल तासाभराने पेटू शकतो आणि गाडीवरच्या माणसाला ते कळण्याचा मार्ग नसतो. २४ ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पॅक पूर्ण रिकामा करा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि नवा घ्यायला जाल तेव्हा जुना विक्रेत्याच्या हवाली करा. घेत नसेल तर नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.